हृदयाचा हायब्रिड स्कॅन: मशीन आहे, मग तपासणी का होत नाही?

हृदयाच्या हायब्रिड स्कॅनबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. या स्कॅनमध्ये दोन प्रकारच्या प्रतिमा एकाच टेबलावर घेऊन एकमेकींवर बसवल्या जातात. एक प्रतिमा किरणोत्सारी औषधाची (स्पेक्ट किंवा पेट) आणि दुसरी शरीररचनेची (सीटी किंवा एमआरआय). पहिलीतून स्नायूला रक्त किती पोचतं, तो जिवंत आहे का, कुठे दाह आहे का हे समजतं. दुसरीतून ते नेमकं कुठे हे समजतं. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: ही तपासणी कुणाला मिळते, कुणाला नाही, आणि का?

वडिलांची ‘स्ट्रेस थॅलियम’ एका ठिकाणी साध्या गॅमा कॅमेऱ्यावर झाली. रिपोर्टमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पोचतंय असं आलं. दुसरे डॉक्टर म्हणतात, सीटी जोडलेल्या मशीनवर पुन्हा करा. हा वाढीव खर्च खरंच गरजेचा आहे का? — एक वाचक, लातूर

अनेकदा असतो, पण दर वेळी नाही. ‘स्ट्रेस थॅलियम’मध्ये किरणोत्सारी औषध टोचून श्रमानंतर आणि विश्रांतीत अशा दोनदा हृदयाच्या प्रतिमा घेतात. हल्ली या चाचणीत बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्याचे गॅमा किरण कॅमेऱ्यापर्यंत येताना वाटेतल्या मांसात शोषले जातात. पुरुषांमध्ये, विशेषतः पोट सुटलेलं असेल तर, श्वासपटलामुळे खालची भिंत फिकी दिसते; स्त्रियांमध्ये स्तनांमुळे पुढची भिंत फिकी दिसते. रक्तपुरवठा व्यवस्थित असतानाही हे घडतं, आणि तेवढ्यावरून माणूस थेट अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो. सोबतच्या कमी मात्रेच्या सीटीमुळे वाटेत कुठे किती शोषण झालं याचा हिशेब मिळतो आणि प्रतिमा दुरुस्त करता येते.

मात्र पुन्हा तपासणी करण्याआधी पहिल्याच केंद्रात दोन गोष्टी विचारा. पालथं झोपवून प्रतिमा घेतली होती का? पालथं झोपल्यावर डाग नाहीसा झाला, तर ती सावली होती. दुसरं, ईसीजीशी जुळवलेल्या प्रतिमेत ती भिंत नीट आकुंचन पावते का? स्थिर प्रतिमेत डाग आहे, श्रमानंतर आणि विश्रांतीत तो तसाच राहतो आणि तरीही भिंत उत्तम हलते, असं असेल तर ती बहुधा सावलीच आहे. या दोन गोष्टींवर निकाल लागत असेल, तर दुसऱ्या स्कॅनचा खर्च वाचतो.

सीटी जोडली म्हणजे चूक होतच नाही, असं मात्र समजू नका. स्पेक्टची प्रतिमा १२-१५ मिनिटं संथ श्वासात घेतली जाते, तर सीटी काही सेकंदांत होते. त्या क्षणी रुग्णाने छाती भरून श्वास घेतला, तर सीटीतलं हृदय खाली सरकतं आणि स्पेक्टमधली हृदयाची बाजूची भिंत सीटीतल्या फुप्फुसावर पडते. संगणक तिथे हवा आहे असं धरून दुरुस्ती कमी करतो, आणि पुढच्या किंवा बाजूच्या भिंतीत नसलेला दोष दिसू लागतो. म्हणून सीटी संथ श्वासातच घ्यायची आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या आहेत का हे तंत्रज्ञाने रुग्ण टेबलावरून उतरायच्या आधी पाहायचं. त्या सरकल्या असतील, तर संगणकावर जुळवून घेता येतात. औषध पुन्हा टोचावं लागत नाही. चांगला रिपोर्ट दुरुस्त आणि मूळ अशा दोन्ही प्रतिमा पाहून लिहिलेला असतो. तसं त्यात नमूद नसेल, तर विचारायला संकोचू नका.

याच सीटीत हृदयाच्या धमन्यांतला कॅल्शियमही दिसतो, आणि रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख राहून जाणं हे मोठं नुकसान आहे. रक्तपुरवठा ठीक आहे पण कॅल्शियम भरपूर आहे, असा माणूस ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी जातो आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरूच होत नाही.

बहीण कॅनडात असते. ओटावात तिची रुबिडियम पेट तासाभराच्या आत आटोपली. पुण्यात इतकी पेट-सीटी मशीन असताना इथे हृदयासाठी ती सहज का होत नाही? — एक वाचक, पुणे

मशीन जवळपास तेच असतं. फरक आत टोचायच्या औषधात आहे.

पेटसाठी लागणारी किरणोत्सारी द्रव्यं फार लवकर विरतात. रुबिडियम-८२ चं अर्धायुष्य (निम्मं विरायला लागणारा वेळ) साधारण ७६ सेकंद, ऑक्सिजन-१५ चं २ मिनिटं, नायट्रोजन-१३ चं १० मिनिटं आणि फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं. ऑक्सिजन-१५ चं पाणी किंवा नायट्रोजन-१३ चा अमोनिया वापरायचा, तर सायक्लोट्रॉन (कणांना वेग देऊन ही द्रव्यं बनवणारा त्वरक) त्याच आवारात हवा. फिनलंडमधल्या तुर्कू इथे तशी सोय आहे. तिथे आधी सीटी अँजिओग्राफी करतात, आणि तीत अडथळ्याची शंका आली तरच लगेच पाण्याची पेट करतात. त्यामुळे अनेकांचं काम पहिल्याच पायरीवर संपतं.

रुबिडियमला सायक्लोट्रॉन शेजारी लागत नाही. ते स्ट्रॉन्शियम-८२ भरलेल्या जनरेटरमधून (एक द्रव्य विरताना त्यातून दुसरं तयार होतं अशा डब्यातून) थेट रुग्णाच्या शिरेत सोडतात. मात्र स्ट्रॉन्शियम-८२ तयार करायला साधारण ७० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऊर्जेचे प्रोटॉन लागतात, आणि असे त्वरक जगात मोजकेच आहेत: व्हँकुव्हरचं ट्रायम्फ, अमेरिकेतलं लॉस अलामॉस आणि ब्रूकहेव्हन, फ्रान्समधल्या नांतचं आरोनॅक्स वगैरे. कोलकात्याचा सायक्लोन-३० हा वैद्यकीय सायक्लोट्रॉन ३० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा आहे. त्याच्यावर हे काम होत नाही. शिवाय स्ट्रॉन्शियमचं अर्धायुष्य जेमतेम २५ दिवसांचं, त्यामुळे काही आठवड्यांनी जनरेटर बदलावाच लागतो. महिन्यात २० रुग्ण आले काय किंवा २०० आले काय, जनरेटरचा खर्च तोच. दररोज पहिल्या रुग्णाआधी त्यातून स्ट्रॉन्शियम गळत नाही ना, याचीही चाचणी करावी लागते. रोज भरपूर हृदयरुग्ण येणाऱ्या केंद्रालाच हे परवडतं. रुबिडियम जनरेटर बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी एक नोएडाच्या ज्युबिलंट समूहाची आहे आणि तिचा कारखाना कॅनडात आहे. मालकी भारतीय असली, तरी त्याने इथल्या रुग्णाचं अंतर कमी होत नाही.

आपल्याकडची पेट-सीटी मशीन मुख्यतः कर्करोगासाठी घेतलेली आहेत. देशातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं आणि पहिलं पेट-सीटी २००४ च्या अखेरीस टाटा स्मारक रुग्णालयात. पुढेही तीच वाट रुंदावली. सकाळी एफडीजीची (फ्लोरिन-१८ जोडलेल्या किरणोत्सारी साखरेची) खेप येते, तिच्यावर कर्करोगाचे रुग्ण ओळीने लागतात, आणि हृदयाच्या तपासणीला लागणारा सलग वेळ त्यात बसत नाही. हे नियोजनाने बदलता येईल, आणि ते बदलायला हवं असं आमचं ठाम मत आहे.

आशा फ्लोरिन-१८ वर आधारलेल्या फ्लर्पिरिडाझ या औषधाकडून आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. ११० मिनिटांचं अर्धायुष्य असल्याने ते गाडीने पाठवता येतं: चार तासांच्या प्रवासानंतर सुमारे पाव भाग उरतो, आठ तासांनंतर मात्र जेमतेम विसावा. मुंबईहून नाशिकला असं औषध पुरेल, नांदेडला नाही.

पेटचा खरा फायदा असा की स्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला मिनिटाला किती रक्त मिळतं हे त्यात मोजता येतं. श्रमात हा प्रवाह विश्रांतीच्या किमान दुप्पट व्हायला हवा. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद झाल्या असतील, तर स्पेक्टमध्ये सगळीकडे सारखाच फिकेपणा येतो आणि फरक न दिसल्याने स्कॅन निर्दोष वाटू शकतो. पेटमध्ये तो आकडा फसवत नाही. म्हणून अतिस्थूल व्यक्ती, आधीचा स्कॅन संदिग्ध आलेली व्यक्ती, तिन्ही धमन्यांच्या विकाराची दाट शंका असलेली व्यक्ती, यांच्यासाठी अमोनिया पेट करणारं केंद्र शोधणं सार्थ ठरतं. बाकी बहुतेकांना नीट केलेला स्पेक्ट-सीटी पुरतो.

आईच्या चाचणीची तारीख दोनदा रद्द झाली. ‘आयसोटोप आला नाही’ एवढंच सांगतात. ही टाळाटाळ आहे का? — एक वाचक, नांदेड

टाळाटाळ असेलच असं नाही. टेक्नेशियम-९९एम चं अर्धायुष्य सहा तास, म्हणून ते साठवता येत नाही. केंद्रात येतो तो मॉलिब्डेनम-९९ भरलेला जनरेटर. रोज सकाळी त्यातून सलाइन ओढून टेक्नेशियम काढतात. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास. सोमवारी जेवढं निघतं, त्याच्या ३६ टक्के शुक्रवारी उरतं आणि पुढच्या सोमवारी १७ टक्के. एकाच दिवसात श्रमाचा आणि विश्रांतीचा असे दोन्ही भाग करायचे तर एका रुग्णाला साधारण ४० मिलीक्युरी (किरणोत्सारी औषध मोजायचं एकक) लागतात: आधी १०, नंतर ३०. म्हणजे सोमवारी दहा जणांना पुरणारा जनरेटर शुक्रवारी तिघाचौघांना पुरतो. त्यातच हाडांचे, मूत्रपिंडांचे आणि थायरॉइडचे स्कॅन त्याच जनरेटरवर असतात.

हे मॉलिब्डेनम मुख्यतः थोड्याच अणुभट्ट्यांतून येतं: नेदरलँड्समधलं पेटन, बेल्जियममधलं मोल, दक्षिण आफ्रिकेतली सफारी-१, ऑस्ट्रेलियातली ओपल आणि पोलंड व चेकमधल्या भट्ट्या. त्यातल्या काही ५०-६० वर्षं जुन्या आहेत. २००९-१० मध्ये कॅनडातली चॉक रिव्हर आणि पेटन या दोन्ही बंद पडल्या तेव्हा जगभर स्कॅन रखडले. आपल्याकडे वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था जनरेटर पुरवते, काही केंद्रं आयातही करतात. विमान चुकलं की एक दिवस गेला, आणि एका दिवसात मॉलिब्डेनमचा जवळपास पाव भाग संपतो.

तुमच्या हातात एवढं आहे: केंद्रात जनरेटर कोणत्या वारी येतो ते विचारून त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वेळ मागा, आणि निघण्याआधी आदल्या संध्याकाळी फोन करा. आईचं वजन जास्त असेल तर हे आवर्जून सांगा, कारण मात्रा वाढवावी लागते किंवा तपासणी दोन दिवसांत विभागावी लागते.

रद्द होण्याचं दुसरं कारण रुग्णाकडूनच घडतं, ते म्हणजे सकाळचा चहा. ट्रेडमिलवर चालता न येणाऱ्यांना ॲडेनोसिन, रेगाडेनोसन किंवा डायपिरिडामोल देऊन धमन्या रुंदावतात. कॅफीन या औषधांचा परिणामच अडवतं. धमनी रुंदावत नाही आणि खराब हृदय चांगलं दिसतं. म्हणून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या किमान १२ तास, शक्यतो २४ तास बंद ठेवा. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर ते आधीच कळवा. स्वतःहून बंद करू नका, कारण दमा असलेल्याला ॲडेनोसिन द्यायचं की नाही हाच मुळात डॉक्टरांचा निर्णय असतो.

भावाला हृदयाचा सारकॉइडोसिस (दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) असल्याची शंका आहे. एफडीजी पेट-सीटीसाठी गेलो, तर ‘तयारी नीट झाली नाही, निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट आला. उपाशी तर होता! — एक वाचक, कोल्हापूर

नुसतं रात्रभर उपाशी राहणं इथे पुरत नाही. एफडीजी हा किरणोत्सारी साखरेचा प्रकार आहे. निरोगी हृदयाचा स्नायूही साखर उचलतो, आणि मग संपूर्ण हृदय उजळतं व दाहाचे ठिपके त्यात लपतात. स्नायूला आदल्या दिवसापासूनच चरबी जाळायला लावायचं असतं. त्यासाठी दोन जेवणं अशी घ्यायची की प्रत्येकात ३५ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्ध पदार्थ आणि ३ ग्रॅमपेक्षा कमी पिष्ट (कर्बोदकं) असेल. त्यानंतर रात्रभर, साधारण १२ तास, फक्त पाणी.

आपल्या स्वयंपाकघरात हे अवघड जातं, कारण भाकरी, पोळी, भात, वरण, उसळ, दूध, दही, फळं, गूळ हे सगळंच बंद होतं. मांसाहारी असाल तर तुपात किंवा तेलात परतलेलं चिकन, मटण, मासे, अंडी, फक्त मीठ-मिरी-हळद लावून. कांदा-खोबऱ्याचं वाटण नको आणि माशाला रवा किंवा तांदळाचं पीठ लावायचं नाही. शाकाहारी माणसासाठी तुपात परतलेलं थोडं पनीर आणि वर आणखी तूप किंवा लोणी. पनीरमध्येही थोडं पिष्ट असतं, म्हणून १०० ग्रॅमच्या आत राहा आणि बाकी कसर तुपाने भरून काढा. शेंगदाणे आणि काजू टाळा. चहा नको, काळाही नको. दोन जेवणं जमणारच नसतील, तर १८ तासांहून जास्त उपास हा दुसरा मार्ग आहे.

तयारी बिघडते ती बारीकसारीक गोष्टींनी: खोकल्याचं सिरप, चघळायची गोळी, च्युइंगगम, मुखशुद्धीची बडीशेप, वॉर्डात लावलेलं डेक्स्ट्रोज सलाइन. आदल्या दिवशी जोराचा व्यायामही नको. मधुमेह असेल तर इन्सुलिनचं वेळापत्रक आधी ठरवून घ्या. ऐनवेळी दिलेलं इन्सुलिन साखर थेट हृदयाच्या स्नायूत ढकलतं. खाल्लेला प्रत्येक पदार्थ वेळेसह कागदावर लिहून केंद्रात द्या. स्कॅन वाचणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

सूचनेचा कागद देताना सावध राहायला हवं: स्नायू जिवंत आहे का हे पाहण्याच्या एफडीजी पेटमध्ये तयारी नेमकी उलटी असते. तिथे ग्लुकोज पाजून, गरजेनुसार इन्सुलिन देऊन स्नायूला साखर उचलायला लावतात. दोन्ही तपासण्यांना पुष्कळ ठिकाणी ‘कार्डियाक पेट’ असंच लिहितात. कारण कोणतं, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या.

आणि भारतात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. क्षयाच्या गाठीही याच स्कॅनमध्ये तशाच उजळतात. चमकणारी गाठ पाहून थेट स्टेरॉइड सुरू करणं धोक्याचं आहे. पेट-सीटीने छातीतली सुई पोचेल अशी लसिका गाठ दाखवली, तर तिचा तुकडा तपासून मगच उपचार ठरवावा.

पत्नीची झडप पाच वर्षांपूर्वी बदलली. तीन आठवडे ताप आहे, इकोत काही दिसत नाही. पेट-सीटीचा उपयोग होईल का? — एक वाचक, पणजी

होईल. कृत्रिम झडपेच्या धातूमुळे इकोत सावली पडते आणि तिथला जंतुसंसर्ग सुटू शकतो. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१५ पासून अशा रुग्णांत एफडीजी पेट-सीटीला निदानाच्या निकषांत स्थान दिलं आहे. आहाराची तयारी वर सांगितली तीच. धातूमुळे सीटीची दुरुस्ती जास्त होते आणि झडपेभोवती खोटी चमक येते, म्हणून दुरुस्ती न केलेली प्रतिमाही पाहायलाच हवी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नुसत्या जखमेच्या भरून येण्यानेही चमक येते. पाच वर्षांनंतर ती अडचण सहसा राहत नाही. फार दिवस अँटिबायोटिक दिल्यावर मात्र चमक मंदावते.

पण आधीचं काम आधी: अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या कल्चरचे तीन संच घ्यायला सांगा. आणि पेटच्या तारखेसाठी उपचार थांबवू नका.

आईचे तीन वर्षांत दोन स्कॅन झाले. किरणोत्साराचं प्रमाण जास्त तर नाही ना? — एक वाचक, सोलापूर

टेक्नेशियमच्या पूर्ण तपासणीत साधारण १० मिलीसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं एकक), थॅलियममध्ये सुमारे १५, दुरुस्तीच्या सीटीत १ पेक्षाही कमी. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. वयस्क व्यक्तीत योग्य कारणासाठी हे प्रमाण स्वीकारार्ह आहे. पण ते बरंच कमी करता येतं: आधी कमी मात्रेत श्रमाचा भाग करायचा आणि तो निर्दोष आला तर विश्रांतीचा भाग करायचाच नाही. मग सारं ३ मिलीसीव्हर्टच्या आसपास आटोपतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३ मध्ये ६५ देशांतल्या ३०८ केंद्रांची पाहणी केली, तेव्हा केंद्राकेंद्रांतली सरासरी २.२ पासून २४.४ पर्यंत आढळली. इतकी तफावत पद्धतीतूनही येते, म्हणून ‘आधी श्रमाचा भाग करता का?’ हा प्रश्न वेळ घेतानाच विचारा.

आमच्या धर्मादाय रुग्णालयात स्पेक्ट-सीटी घ्यायचा विचार आहे. काय पाहावं? — एक विश्वस्त, नाशिक

आधी माणसं ठरवा, मग मशीन. न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकारी यांच्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळत नाही. खोल्यांचा आराखडाही बांधकामाआधी मंजूर करून घ्यावा लागतो. भिंती पाडून पुन्हा बांधायची वेळ येते ती हे उलट केल्यामुळे.

सीटी किती स्लाइसची (एका फेरीत किती काप घेणारी), याचं उत्तर तुमच्या उद्देशात आहे. नुसत्या दुरुस्तीला अगदी साधी सीटी पुरते. कॅल्शियम मोजायला १६ स्लाइसची ठीक. धमन्यांची अँजिओग्राफी करायची तर ६४ हव्यात. रुग्णालयात ६४ स्लाइसची स्वतंत्र सीटी असेल, तर दुसरीवर पैसे घालू नका. ते ट्रेडमिल, डिफिब्रिलेटर आणि ईसीजी गेटिंगवर (ईसीजीशी प्रतिमा जुळवण्याच्या सोयीवर) खर्च करा. पेट-सीटी केवळ हृदयासाठी घ्यायचा विचार सध्या तरी नको.

कॅमेऱ्यातला सोडियम आयोडाइडचा स्फटिक तापमानाच्या झटक्याने तडकतो. म्हणून वातानुकूलन रात्री आणि सुटीतही चालू हवं, डिझेल जनरेटरच्या विजेवरसुद्धा. उन्हाळ्यात वीज गेलेल्या एका रात्रीत सर्वांत महागडा भाग निकामी होऊ शकतो. रोज सकाळी कोबाल्ट-५७ च्या पत्र्याने एकसमानता तपासावी लागते; त्याचं अर्धायुष्य २७२ दिवसांचं असल्याने दर दोन वर्षांनी नवा पत्रा अंदाजपत्रकात धरा. स्पेक्ट आणि सीटी एकमेकींवर नीट बसतात का याची चाचणी ठरावीक अंतराने आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर हवी.

याच मशीनवर पायरोफॉस्फेट हे औषध वापरून वृद्धांमधला ट्रान्सथायरेटिन ॲमायलॉइडोसिस (हृदयात एक प्रथिन साचण्याचा आजार) ओळखता येतो; ही तपासणी फार कमी ठिकाणी केली जाते. त्यात स्पेक्ट अनिवार्य आहे, कारण सपाट प्रतिमेत हृदयाच्या कप्प्यातलं रक्तही चमकतं आणि फसवतं. सोबत रक्त-लघवीतल्या लाइट चेन या प्रथिनांच्या चाचण्या केल्याशिवाय निदान लिहू नये.

देखभालीच्या करारात क्ष-किरण नळी, डिटेक्टर आणि सॉफ्टवेअरचे बदल नावानिशी लिहून घ्या. मशीन वर्षात किती टक्के दिवस चालू राहील याची हमी आणि ती न पाळल्यास करार तितके दिवस पुढे वाढेल अशी अटही घाला. सुटा भाग किती तासांत पोचेल हेही त्यात हवं, कारण जनरेटरमधलं मॉलिब्डेनम तोपर्यंत विरतच राहतं.